मागे बसणाऱ्या मॅडम

पेणमध्ये माझ्या वयाच्या ज्या बायका स्कूटर चालवतात, त्यांच्यात एक खोड सापडते. मागे कोणीही बसलेलं असो, त्या मान वळवत नाहीत. नवरा काही विचारो, पोर रडो, सासूबाई मोठ्याने देवाचं नाव घेवोत. त्या समोर बघत, ओठ किंचित डावीकडे नेऊन उत्तर देतात. अनोळखी माणसाला वाटतं, बाई स्वतःशीच बोलतेय. मला लगेच कळतं, ही म्हात्रे मॅडमकडे शिकलेली.

मीही त्यांच्याकडेच शिकले, तिशी उलटल्यावर. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवते. पावसाळ्यात रिक्षाची वाट बघून कंटाळले आणि एका मैत्रिणीने मला मॅडमच्या हवाली केलं. गावाबाहेर, बंद पडलेल्या मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा क्लास असे. क्लास म्हणजे त्या, एक जुनी स्कूटर आणि सरळ जाणारा निर्मनुष्य रस्ता.

बाकीचे शिकवणारे गाडीच्या बाजूने पळतात, हँडल धरतात, ओरडतात. मॅडम पहिल्याच दिवशी मागे बसायच्या. हात स्वतःच्या मांडीवर, तोंडात लवंग, अंगात बारा महिने तो एकच चॉकलेटी विंडचीटर. हँडलला त्यांनी कधी हात लावला नाही. मी पहिल्या दिवशी थेट एका बाभळीच्या दिशेने निघाले, तेव्हाही नाही. कानामागून लवंगेचा वास आला आणि पाठोपाठ शांत आवाज.

"बाभळीकडं नको बघू, टीचर. गाडी डोळ्यामागं जाते. तुला जायचंय तिकडं बघ."

मी रस्त्याकडे पाहिलं आणि गाडी खरंच रस्त्यावर आली. पुढे त्या मला कायम टीचरच म्हणत आल्या आणि मी त्यांना मॅडम. त्या मला अरेतुरे करत, मी अहोजाहो. वयात फार अंतर नव्हतं, पण जिने तुम्हाला तोल शिकवला तिला अगं म्हणायला जीभ उचलत नाही.

वळून बघायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. मी हाय का नाय हे बघत बसशील तर पडशील, म्हणायच्या. हाय असं धर आणि चालव. दुसरा नियम त्या सांगत नसत, करत असत. शिकणारीचा हात जरा बसला की एखाद्या वळणावर, गाडी मंदावली की, त्या अलगद मागून उतरून जायच्या. अंगाने इतक्या हलक्या की पत्ता लागत नसे. मी एकदा बांधापर्यंत त्यांच्याशी बोलत गेले होते. शाळेतलं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होते. उत्तर येईना म्हणून थांबले, तर मॅडम लांब मागे रस्त्याच्या कडेला उभ्या आणि लवंग चघळतायत. त्या जवळ येऊन म्हणाल्या, गाडी हलकी झाली की कळायला पाहिजे. ते कळलं की शिकलीस.

मॅडम खाडीकाठच्या गावातल्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या होत्या. आई बाळंतपणानंतर आजारी पडली तेव्हा खांड गेली होती, म्हणजे खाडीचा बांध फुटून गावाभोवती पाणी आणि गुडघाभर चिखल झाला होता. होडी चालत नव्हती आणि माणूसही चालत नव्हता. आईला खाटेवर घालून चौघांनी उचललं, ती वाटेत गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही आम्ही गाडीवर असताना, म्हणजे मला त्यांचा चेहरा दिसणार नाही अशा वेळी. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर हसून म्हणत, मागं बसून दुसऱ्याला चालवायला शिकवायचं, हा धंदा कुठल्या नवऱ्याला झेपत नाय.

मी शिकून गेल्यावर दोनेक वर्षांनी त्यांच्याकडे वर्षा नावाची मुलगी आली. गणपतीच्या एका कारखान्यात डोळे रेखायची. तिचं काम मी पाहिलेलं आहे. श्वास रोखून, एका ओढीत मूर्तीचा डोळा काढायची. हात दगडासारखा स्थिर. पण स्कूटरवर बसली की तेच हात थरथरायला लागत. गाडी नीट चालवायची, फक्त मॅडम मागे आहेत याची तिला खात्री लागायची. एका हाताने मागे चाचपून विंडचीटरचं टोक धरून बघायची. त्यामुळे मॅडमना तिच्या मागून कधी उतरता आलं नाही.

असं बरेच दिवस चाललं. तिचं घर गडब गावात. हायवेने एकटीने जायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरे. शेवटी मॅडमनी एके दिवशी तिला सरळ सांगितलं की आता तू तयार आहेस, आजपासून मी बसणार नाही. ती म्हणाली, आजचा एक दिवस बसा. मॅडम नाही म्हणाल्या. ती एकटीच निघाली. रस्ता खोदलेला, वळवलेला, समोरून डंपर. गडब जेमतेम दिसायला लागलं होतं म्हणे, तिथे ती गेली.

मॅडमचा काही दोष होता असं कोणी म्हणालं नाही. वर्षाचे वडील उलट त्यांची समजूत काढायला दोनदा घरी येऊन गेले. मॅडमनी तो पावसाळाभर क्लास बंद ठेवला. पुन्हा सुरू केला तेव्हा एक गोष्ट बदलली होती. त्या आता कोणाच्या मागून गुपचूप उतरत नसत आणि कोणाला तू तयार आहेस असंही सांगत नसत. उतरा म्हणालीस की उतरीन, एवढंच म्हणत. काही बायका महिना महिना उतरा म्हणत नसत. मॅडम तितके दिवस मुकाट्याने मागे बसत.

मग ती कंपनी आली.

पुण्याकडची कुठलीशी कंपनी. एका माणसाने बसून उडवायची मोटारसायकल तयार केली होती आणि तिच्या चाचणीला मोकळी, माणसं नसलेली जमीन हवी होती. आमची बंद मिठागरं त्यांना पसंत पडली. पत्र्याची शेड उभी राहिली, कुंपण लागलं. यंत्र मी जवळून पाहिलं आहे. चार बाजूंना चार मोठ्या जाळ्या, त्यांच्यात पंखे, मधोमध मोटारसायकलसारखी सीट आणि हँडल. चाकं नाहीत, खाली नुसत्या दोन पट्ट्या टेकायला. दिसायला अगदी साधं. पण चालू झालं की भलं मोठं पोळं उठल्यासारखा आवाज यायचा. तो कानांपेक्षा दातांत जास्त जाणवायचा. जमिनीवरचं जुनं मीठ उडून धुरळा व्हायचा आणि आसपासचे बगळे जायचे. पहिल्या आठवड्यात गेलेले बगळे त्या तुकड्यावर पुन्हा उतरले नाहीत. शेजारच्या तळ्यात असत, पलीकडच्या बांधावर असत. त्या तुकड्यात नाही.

बॅटरी जपायची म्हणून त्यांना हलकं माणूस हवं होतं आणि तोल सांभाळणारं. तिथला इंजिनिअर सोहम, पंचविशी-तिशीचा, कामसू मुलगा, रोज येताजाता मॅडमचा क्लास बघायचा. त्याने विचारलं. मॅडम शेडमध्ये गेल्या, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मागची सीट कुठाय असं विचारलं. मागची सीट नव्हती. मग शिकवणार कोण, असं म्हणाल्या. सोहम म्हणाला, आधी कॉम्प्युटरवर शिकायचं, मग दोरी बांधून, मग दोरीशिवाय. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण शिकल्या. इतक्या पटकन शिकल्या की सोहम थक्क झाला. मला नवल वाटलं नाही. वजन कुठे झुकतंय हे त्या आयुष्यभर पाठीमागून ओळखत आल्या होत्या.

लोक त्यांना वेड लागलं म्हणाले. तसं नव्हतं. त्यांना त्या यंत्राचा धोका कंपनीच्या माणसांपेक्षा जास्त नीट कळला होता. स्कूटर बंद पडली तर पाय टेकता येतो, हिला पाय नाय, म्हणायच्या. एक पंखा गेला तर बाकीचे ओढतील, दोन गेले तर दगड. आणि पंख्याजवळ माणूस आला तर कापलाच. म्हणून बाजारात, रस्त्यावर, पोरासोरांत ही गाडी आणायला त्यांचा ठाम विरोध होता. सगळ्यांनी डोक्यावरून गाड्या फिरवल्या तर खाली राहणाऱ्यांनी कुठं बघून चालायचं, असं त्यांनी कंपनीच्या मालकांना तोंडावर विचारलं होतं. पण जिथे रस्ता नाही, पाणी आहे आणि पाण्यात चिखल आहे, तिथे ही गाडी जाईल, यावर त्यांचा विश्वास होता. ते का, हे मला माहीत होतं.

आणि ते खरंही झालं. त्या वर्षी मोठ्या उधाणात पुन्हा खांड गेली आणि खाडीकडच्या एका वाडीला पाण्याचा वेढा पडला. तिथल्या एका म्हाताऱ्यांचं इन्सुलिन संपलं होतं. डॉक्टरांनी कंपनीला विचारलं. मालक का कू करत होते, सोहमने त्यांना तयार केलं. मॅडम बर्फाच्या डब्यात औषध घेऊन गेल्या आणि पोचवून परत आल्या. पेणमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

मी भेटायला गेले तर त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वाडीतली गंमत म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगितली. अंगणात उतरल्यावर म्हाताऱ्यांची बायको चहा घेऊन आली, दोन कप. मॅडमनी एक घेतला. दुसरा हातात धरून म्हातारी इकडेतिकडे बघत राहिली आणि म्हणाली, दुसरी कुठं गेली गो, मागं बसलेली? मॅडमनी तिला सांगितलं, आजी, एकाच माणसाची गाडी हाय ही. म्हातारीने मान डोलावली. पण कप आत नेला नाही. ओट्याच्या कडेला ठेवून, वर बशी झाकून गेली.

मी हसले. मॅडमही हसल्या. तांदळातला खडा काढून टाकला आणि तसंच हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "टीचर, तिला चष्मा नव्हता. पण येताना सोहमची बॅटरी जास्त गेली."

जाताना डबा भरलेला, येताना रिकामा. येताना गाडी हलकी असायला हवी होती. वारा नव्हता. सोहमने मोटारी तपासल्या, खाऱ्या हवेने काही धरलंय का ते पाहिलं. काही सापडलं नाही.

यानंतर त्या थोड्या बदलल्या. म्हणजे बोलणं, जेवण, क्लास, सगळं तसंच. फक्त चाचणीची वेळ त्यांनी बदलून घेतली. आधी दुपारी, ऊन डोक्यावर असताना उडायच्या. आता सकाळी किंवा उन्हं कलल्यावर. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, सावली लांब पडते तेव्हा नीट दिसते.

हे त्यांनी मला मिठागरावर सांगितलं, कुंपणाबाहेर उभ्या राहून. समोर पाणी भरलेल्या जुन्या वाफ्यांत आकाश पडलेलं. त्या म्हणाल्या, वर गेल्यावर आपली सावली खाली पाण्यावरून पळते. गाडीची, जाळ्यांची, माणसाची. पहिल्यांदा एकाच माणसाची होती. वाडीवरून आल्यापासून दोघांची आहे. एक पुढे, एक मागे. मागचीचे हात कुठे आहेत ते दिसत नाही. बहुतेक मांडीवर असावेत.

मी विचारलं, कोण आहे.

"तोंड कुठं दिसतं सावलीला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं की वळून पाहिलंत का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सगळं शिकून विसरले होते.

मी शास्त्र शिकलेली नाही, पण मला जे सुचलं ते बोलले. पाण्यावर हललेली सावली दुहेरी दिसू शकते. थकवा असतो. मनात एखादं माणूस घर करून असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. म्हणाल्या, तसं असंल तर बरंच हाय, पण बॅटरीला मन नसतं.

सोहमलाही त्यांनी सांगून टाकलं होतं, वेगळ्या तऱ्हेने. सावलीचं बोलल्या नाहीत. हिशेब दोन माणसांचा धर, एवढंच म्हणाल्या. तो हसला. मग एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. मॅडमची मैत्रीण म्हणून मला ओळखत होता. चहा तसाच ठेवून म्हणाला, टीचर, मी दोन माणसांचा हिशेब धरला. आकडे बरोबर जुळतात. मला ते जुळायला नको होते.

आता रोह्याला गाडी सगळ्यांना दाखवायचा कार्यक्रम ठरला होता. कुंडलिका नदीच्या अलीकडे अष्टमी, पलीकडे रोहा, मधे पूल. अष्टमीच्या बाजूने उडून नदी ओलांडायची आणि रोह्याच्या काठावर मांडवासमोर उतरायचं. पाहुणे येणार होते, शाळेची मुलं बसणार होती. मालकांना गाडी पुलावरून गेलेली हवी होती, फोटोसाठी. मॅडमनी पुलाला साफ नकार दिला. खाली माणूस असेल तिथून मी जाणार नाय. बरीच ओढाताण होऊन ठरलं की पुलापासून लांब, खालच्या अंगाला, नुसत्या पाण्यावरून जायचं. सोहम मालकांना म्हणाला की दोन माणसांच्या वजनाने बॅटरी काठापर्यंत पुरेल याची खात्री नाही. मालकांनी विचारलं, दुसरा माणूस कोण बसणार आहे?

मी मॅडमना विनवलं की जाऊ नका. आदल्या दिवशी त्या भावाकडे अष्टमीला आल्या होत्या, मीही शाळा सुटल्यावर गेले. भावजय स्वयंपाकघरात होती. मॅडम मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, तुमचा आजार समजा, काहीही समजा, पण उद्या ही गाडी जड झाली तर तुम्ही पाण्यात पडाल.

मग म्हणाल्या, "एकदा मी नाय म्हटलं होतं. एक दिवस बसा म्हणाली, नाय म्हटलं. आता ती बसते तर बसू दे. परत नाय म्हणायचं नाय मला."

नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही. उठताना त्यांनी मला एक काम सांगितलं. उद्या पुलावर उभी राहा आणि सगळे वर बघतील तेव्हा तू खाली बघ. पाण्यात. मला एकटीला दिसतं का तेवढं कळू दे.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा पूल माणसांनी भरला होता. नदी भरतीची, काठोकाठ, तेलासारखी संथ. वाऱ्याचं नाव नव्हतं, मांडवावरच्या पताका सरळ खाली लोंबत होत्या. अष्टमीच्या बाजूने तो आवाज उठला आणि पुलाचा कठडा माझ्या तळव्याखाली थरथरू लागला. गर्दीने एकदम माना वर केल्या. कंपनीचं लाल जॅकेट घातलेल्या मॅडम झाडांच्या वर आल्या, क्षणभर एका जागी थांबल्या आणि पाण्यावर निघाल्या.

मी खाली पाहिलं.

मी जे पाहिलं ते सांगते, त्याहून जास्त सांगत नाही. पाण्यावर लांब सावली पडली होती. चार जाळ्यांची, ठळक, जराही न थरथरणारी. मधे पुढे एक माणूस, किंचित वाकलेलं. त्याच्या मागे, जिथे यंत्राला सीटच नव्हती तिथे, दुसरं. ताठ बसलेलं. त्याचा एक हात पुढे गेला होता आणि पुढच्या माणसाच्या जॅकेटचं टोक धरल्यासारखा टेकला होता.

मी वर पाहिलं. वर मॅडम एकट्याच होत्या.

नदीच्या मध्याच्या थोडं पुढे आवाज बदलला. यंत्र खाली बसायला लागलं, दमलेलं माणूस बसतं तसं. समोर मांडव होता आणि मांडवात पोरं. सरळ गेल्या असत्या तर काठ गाठला असता, पण मांडवाच्या तोंडाशीच, पंख्यांसकट. त्या तशाच सरळ जात होत्या, यंत्र वळत नव्हतं. लोकांना तोवर काही कळलं नव्हतं, टाळ्या चालू होत्या. मग पाण्याला अगदी लागता लागता यंत्र एकदम उसळलं, हातभर वर आलं आणि जोरात बाजूला वळलं. मांडव टळला. खालच्या अंगाला कांदळवनाशेजारी चिखल होता, त्यात ते आडवं शिरलं. पंख्यांचे तुकडे उडालेले मी पाहिले. सगळे चिखलात पडले.

काठावर कोणालाही खरचटलं नाही. मॅडमचं खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. भावजय औषधं आणायला गेली होती. मॅडमचे ओठ कोरडे पडले होते. मी पाणी पाजलं. त्यांनी विचारलं, बघितलंस?

"बघितलं."

"किती?"

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटलं, म्हणून मी उठणार, तेवढ्यात बोलल्या. आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट होता.

"मी उतर म्हटलं नाय, टीचर. ती आपण होऊन उतरली. गाडी एकदम हलकी झाली, मला कळलं, म्हणून वळवता आली. नायतर पोरांत गेले असते."

कुठे उतरली, मी विचारलं.

"पाण्यावर," म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

कंपनीने महिन्याभरात शेड उतरवली. सोहम निरोप घ्यायला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं नाही. त्यानेच विषय काढला. यंत्रात नोंद राहते म्हणाला. वळण्याच्या आधी मोटारींवरचा भार एकदम कमी झालेला दिसतो, कोणीतरी ओझं खाली ठेवावं तसा. वाऱ्याचा झोत असेल, असं त्याने वरच्यांना सांगितलं होतं. मग म्हणाला, पताका तुम्हीही पाहिल्या होत्या. चाचण्या आता दुसऱ्या राज्यात चालू आहेत असं ऐकते. सोहमने ते काम सोडलं.

मॅडम पेणला परत आल्या नाहीत. भावाकडेच अष्टमीला राहिल्या. स्कूटर विकून टाकली. चालताना एक पाय ओढायच्या. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा, खुबा मोकळा होईल. खाडीकाठच्या घरात जन्मून त्यांना पोहता येत नव्हतं. ते त्या आता शिकल्या, भावजयीकडून, नदीच्याच पाण्यात. मी दोनदा भेटून आले. गप्पा नेहमीसारख्या झाल्या, वर्षाचं नाव निघालं नाही. पुढे माझी बदली झाली आणि जाणं सुटलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधीच्या रविवारी. सांगून गेले नव्हते. सकाळी रोह्याच्या एसटी स्टँडवर उतरून पुलावरून चालत अष्टमीला निघाले होते. भरती चढत होती. भरतीला कुंडलिका उलटी वाहते, समुद्राकडून डोंगराकडे. काठाच्या दगडांवर भावजय कपडे धूत होती. आणि नदीच्या मधोमध मॅडम पाठीवर पडून होत्या. हात पसरलेले, पाय जुळलेले, कान पाण्यात. काहीही हालचाल न करता त्या पुलाकडे येत होत्या, पाणी त्यांना आणत होतं. डोळे उघडे होते. मी कठड्यावरून हात केला, त्यांनी पाहिलं नाही.

त्या पुलाखाली शिरल्या. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याशी गेले आणि खाली बघत राहिले. दोन मोटारसायकली गेल्या, एक टेम्पो गेला. पाणी येत होतं, काटक्या येत होत्या, मॅडम येत नव्हत्या. मी खाली ओरडून भावजयीला विचारलं. तिने वर न बघता सांगितलं की सावलीत जरा थांबतात त्या, येतील.

मग आल्या. आधी पाय, मग पसरलेले हात, मग चेहरा. डोळे आता मिटलेले होते आणि ओठ हलत होते. पुलावरून काही ऐकू येत नव्हतं. मी हाक मारली नाही. त्या तशाच, सावकाश, वरच्या अंगाला वळणापर्यंत गेल्या आणि वळणाआड झाल्या.

एवढ्या लांब जातात, मी भावजयीला म्हटलं.

"जातात," ती म्हणाली. "भरती उतरली की नदीच घेऊन येते परत." आणि तिने ओला टॉवेल दगडावर आपटला.